कासारीण आणि चुन्याचे चाळीस दिवस

ऐका बरं. ही गोष्ट कोणत्या राजाच्या काळातली, ते मला विचारू नका. खुद्द राजालाही आता आठवत नसेल. फार वर्षांपूर्वी एका नदीच्या काठी एक गाव होतं. तिथे नदीला उतार होता. पाणी जेमतेम गुडघाभर, त्यामुळे दूरदूरचे वाटसरू तिथूनच नदी ओलांडायचे. त्या गावात एक कासारीण राहत होती.

बांगड्या भरण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. नुसतं मनगट पाहून ती माप सांगायची. समोर बसलेल्या मुलीचा हात हातात घ्यायची आणि म्हणायची, "पोरी, हात सैल सोड. आणि मला सांग, माहेरी म्हैस व्याली का?" मुलगी म्हशीचं सांगत बसायची, तेवढ्यात बारा बांगड्या चढलेल्या असायच्या. दुखलं म्हणायलाही सवड मिळायची नाही.

अशा कौशल्याचा माणसाला अभिमान असतोच. तिलाही होता. थोडाथोडका नाही, चांगला पायलीभर होता.

पण वय कोणाला सोडतं? बासष्टावं वर्ष लागलं आणि तिच्या उजव्या हाताला कंप सुटला. तिने तो बरेच दिवस पदराखाली लपवला. मग पाटलांच्या मुलीचा लग्नचुडा भरायची वेळ आली. सगळ्या बायका गोळा झाल्या होत्या. चुडा भरताना एकामागून एक तीन बांगड्या वाढल्या आणि चौथीची काच नवरीच्या मनगटात घुसली. रक्ताचा एक थेंब हिरव्या लुगड्यावर पडला.

"असू दे काकी," पाटलीणबाई चटकन म्हणाल्या. "काचच ती, वाढायचीच."

कोणी रागावलं नाही, हेच कासारणीला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बांगड्यांच्या सगळ्या माळा सुनेच्या पुढ्यात ठेवल्या. "आजपासून तू भर," एवढंच म्हणाली आणि परसात जाऊन बसली.

सून गुणी होती. तिने धंदा सांभाळला, घर सांभाळलं, सासूच्या जेवणाखाण्याची आबाळ होऊ दिली नाही. पण सकाळी उठून करायचं काय, ह्याचं उत्तर सुनेकडे नव्हतं. कासारीण परसात बसून राहायची. ओसरीवर बायकांचं हसणं ऐकू आलं की तोंड फिरवायची.

परसात तीन रांजण होते. गावात जुन्या बांगड्या उतरवल्या की त्यांचे तुकडे कासारीण गोळा करून आणायची. वाटेवर काच पडली तर अनवाणी पायांना लागायची, म्हणून ही रीत. चाळीस वर्षांच्या काचा त्या रांजणांत साठल्या होत्या.

एके दिवशी परसातला ओटा उखणला होता म्हणून कासारणीने माती कालवली आणि तो लिंपायला घेतला. लिंपता लिंपता हाताचा धक्का लागून एक रांजण कलंडला आणि ओल्या मातीवर काचाच काचा झाल्या. "आता आलं का काम!" असं पुटपुटत ती एकेक वेचायला बसली. वेचता वेचता एक हिरवा तुकडा मातीत तसाच राहिला. वाकडा, बारीक, चकाकता. तिने त्याच्याशेजारी दुसरा रोवला. मग तिसरा.

सुनेने जेवायला हाक मारली तेव्हा उन्हं कलली होती. कासारणीला तहान-भूक कशाचीच आठवण झाली नव्हती.

आता गंमत ऐका. चाळीस वर्षं जिने गोल बांगडीच पाहिली, तिला दुसरं काय सुचणार? तिने ठरवलं, ओट्यावर अख्ख्या बांगड्या मांडायच्या. एका तुकड्याचा जोड शोधायला ती रांजणात डोकं घालायची. तीन दिवस खपून तिने दीड बांगडी पुरी केली. जोड काही केल्या सापडेना आणि ती काचांवरच चिडायला लागली.

सून पाणी द्यायला आली होती. अर्ध्या राहिलेल्या पांढऱ्या बांगडीकडे पाहून ती म्हणाली, "आत्याबाई, ही तर बगळ्याची मान दिसतेय."

"बगळा कसला? पाटलीणबाईंच्या बांगडीचा तुकडा आहे तो!"

सून गेली. कासारणीने पुन्हा पाहिलं. मान वाकडी करून पाहिलं. बगळाच होता तो, नुसती चोच द्यायची राहिली होती. तिने एक पिवळा तुकडा घेऊन चोच लावली आणि एकटीच खुदकन हसली. कित्येक महिन्यांत ती हसली नव्हती.

त्या दिवसापासून जोड शोधणं थांबलं. काळ्या बांगडीशेजारी लाल, लालशेजारी निळी, जिचं जिच्याशी जमेल तसं ती लावत गेली. ओटा भरला, तुळशीचा कट्टा भरला, न्हाणीची भिंत भरली. पहाटे उठायला तिला आता कारण मिळालं होतं. म्हातारपणी असा जीव जडला की तो तरुणपणापेक्षा खोल जडतो, हे ज्याचा जडला असेल त्यालाच कळेल.

पण माती ती माती. पाणी लागलं की ओघळायची आणि चित्रं पुसली जायची. कासारणीला आता अशी भिंत हवी होती, जी टिकेल.

नदीच्या उतारापाशी एक धर्मशाळा होती. तिची नदीकडची भिंत लांबलचक आणि कोरी होती. कासारीण पाटलांकडे गेली आणि भिंत मागितली.

पाटील भला माणूस होता. "घ्या की काकी," तो म्हणाला. "म्हातारपणी काहीतरी विरंगुळा हवाच."

विरंगुळा हा शब्द कासारणीला आवडला नाही, पण भिंत मिळाली म्हणून तिने तो गिळला.

धर्मशाळेची भिंत म्हणजे चुन्याचं काम. गावात चुन्याचं काम एक गवंडीण करायची. वयाने तिशीची, बोलायला तुटक, चुन्यात राबून राबून हात खरबरीत झालेले. सून म्हणाली, "आत्याबाई, आधी तिला विचारा."

"तिला काय विचारायचं?" कासारीण फणकारली. "चाळीस वर्षं रोज पानाला चुना लावतेय मी. मला काय चुना शिकवतेस?"

झालं! कासारणीने कळीचा चुना आणला, पाण्यात टाकला, रटरट उकळून तो निवतोय न निवतोय तोच कोरड्या भिंतीला थापला आणि त्यावर भराभर काचा बसवल्या. महिन्याभरात भिंत झळकायला लागली. येणारा-जाणारा थांबून पाहू लागला. कासारीण समोरच्या दगडावर बसून लोकांची तोंडं पाहायची, आणि खोटं कशाला बोलू, तिचा तो पायलीभर अभिमान पुन्हा शिगोशीग भरला.

मग गावची जत्रा आली. ऊन तापलेलं होतं, उतारावर गर्दी होती. भर दुपारी भिंतीतून कटकट असा आवाज आला आणि हात-हातभर पोपडे सुटून खाली कोसळले. काचा वाटेवर पसरल्या. नदीतून नुकताच वर आलेला एक म्हातारा वाटसरू त्यांच्यावर पाय देऊन मटकन खाली बसला. त्याच्या दोन्ही तळव्यांतून रक्त वाहत होतं.

कासारणीने स्वतःच्या पदराने ते रक्त पुसलं. जन्मभर जिने लोकांच्या पायांत काच जाऊ नये म्हणून तुकडे वेचले, तिच्याच काचेने हे झालं होतं. ती मान वर करेना.

पाटील तिला रागावला नाही. हळूच म्हणाला, "काकी, बसा आता घरी. ही नवी कामं करायचं तुमचं वय नाही. गवंडिणीला सांगून भिंत पांढरी करून घेतो."

"मला आणखी एकदा करू द्या, पाटील."

"आणि पुन्हा पडली तर? लोकांच्या पायांचा प्रश्न आहे." पाटलाने थोडा विचार केला. "गवंडीण हमी देत असेल तर करा. नाहीतर आठ दिवसांत पांढरी."

घरी गेल्यावर कासारीण जेवली नाही. भिंत गेली तर काय, याचा ती विचार करत होती. पुन्हा तेच परस, तीच ओसरी, तेच तोंड फिरवून बसणं. सकाळी ती उठली आणि गवंडिणीच्या दारात गेली.

गवंडीण चुन्याच्या खड्ड्यापाशी उभी होती. कासारणीने सगळं सांगितलं. गवंडिणीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकी, मी ह्या गावात लग्न होऊन आले, तेव्हा तुमच्याकडे बांगड्या भरायला आले होते. आठवतंय?"

कासारणीला आठवेना.

"तुम्ही माझा हात पाहिला. माहेरीही आमचं चुन्याचंच काम. तुम्ही माळ माझ्यापुढं टाकली आणि म्हणालात, तुझ्या तूच भर, असले हात धरले तर माझी बोटं सोलतील. ओसरीवरच्या समद्या बायका हसल्या. मी घरी येऊन एकेक बांगडी स्वतः भरली. निम्म्या फुटल्या."

दुसऱ्याचा अपमान करून तो विसरून जाणं किती सोपं असतं पाहा! बारा वर्षं ही बाई कासारणीसमोरून जात-येत होती आणि हिला पत्ताही नव्हता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. एवढे दोन शब्द बोलायला तिला बासष्ट वर्षं लागली होती.

गवंडिणीने खड्ड्यातला चुना फावड्याने एकदा वरखाली केला. मग म्हणाली, "हमी देते. पण मी सांगेन तसं करायचं. उद्या सूर्य उगवायला या. करडईचं तेल आणा, हाताला लावायला. चाळीस दिवस चुना मळायचा. तोवर काचेला हात नाही लावायचा."

"चाळीस दिवस?"

"चुन्याला मुरायला तेवढे लागतात. माणसाला किती लागतात, ते बघू."

गवंडिणीने पाटलाला जाऊन सांगितलं, "भिंत पडली तर गावचं माझं बलुतं मी सोडीन." गावाच्या कामाबद्दल वर्षाला मिळणारं धान्य म्हणजे बलुतं. त्यावरच तिचं घर चालायचं. पाटलाने दोनदा विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की."

मग कासारीण शिकायला बसली. गवंडीण तिला काहीच सोडत नव्हती. "पाणी जास्त झालं. पुन्हा करा." "हा खडा राहिला, दिसत नाही का? पुन्हा करा." गावातल्या बायका पाणी भरायला जाताना थांबायच्या आणि एकमेकींना कोपराने ढोसायच्या. ज्या हातात पाटलीणबाई विश्वासाने हात द्यायच्या, ते हात आता कोपरापर्यंत चुन्यात होते.

नवव्या दिवशी गवंडिणीने कासारणीने मळलेली अख्खी पाटी पाहिली, बोटाने दाबली आणि सगळ्यांसमोर ओतून दिली. "हा चुना टिकायचा नाही."

कासारणीने थापी फेकली. "तुझ्या आईच्या वयाची आहे मी!" असं म्हणून ती तरातरा घरी निघून गेली.

दोन दिवस ती घरी बसली. ओसरीवर बांगड्या भरायला आलेल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "काकी, तुमच्यासारखा हात पुन्हा होणे नाही हो!" एरवी हे ऐकून ती फुलली असती. आज तिला वाटलं, ह्या बायका कुणा मेलेल्या माणसाबद्दल बोलताहेत. संध्याकाळी ती सुनेसोबत तांदूळ निवडायला बसली आणि थोड्या वेळाने पाहते तो काय, सुपात खड्यांचा बगळा झालेला! सूनही पाहत होती. दोघी हसल्या.

"जा आत्याबाई," सून म्हणाली. "लोक काय, चार दिवस हसतील."

"हसू दे. त्यांचे दात, त्यांचं तोंड."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायला ती गवंडिणीच्या दारात हजर. गवंडिणीने वर पाहिलंही नाही. "पाणी आणा, दोन घागरी," म्हणाली. कासारणीने घागरी उचलल्या.

चाळीस दिवसांत ती काय काय शिकली! चुना दगडी चाकाच्या घाणीत दळायचा कसा, त्यात हिरड्याचं पाणी आणि गूळ किती घालायचा, भिंतीला आदल्या दिवसापासून पाणी कसं पाजायचं. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे ती वेळ ओळखणं, जेव्हा चुन्यावर बोटाचा ठसा उठतो पण बोटाला चुना लागत नाही. तीच काच बसवायची वेळ. त्याआधी बसवली तर बुडते, नंतर बसवली तर पडते. एकदा तिने ती वेळ गवंडिणीच्या आधी ओळखली. त्या दिवशी गवंडिणीने आपल्या शिदोरीतली अर्धी भाकरी कासारणीच्या हातावर ठेवली.

एकेचाळिसाव्या दिवशी काचा निघाल्या. गवंडीण हात-दीड हात चुना लावायची आणि कासारीण तो वाळायच्या आत भरायची. हाताचा कंप होताच. त्यामुळे एकही काच सपाट बसेना, कुठली इकडे कललेली, कुठली तिकडे. कासारीण खट्टू झाली. "राहू द्या," गवंडीण म्हणाली. "मागं सरकून बघा." ती मागे सरकली. प्रत्येक काचेवर ऊन वेगळं पडत होतं आणि भिंतीवरची नदी खरोखर हलत होती. हिरव्या-निळ्या हजारो वाकड्या तुकड्यांची ती नदी, काठाला पिवळी कणसं आणि पाण्यात एका पायावर उभे सात बगळे. दोघींना ते पुरं करायला दहा महिने लागले.

पुन्हा जत्रा आली. लोक आले, पण भिंतीजवळून कोणी जाईना. सगळे वाट सोडून चिखलातून जाऊ लागले. मागच्या वर्षीचं रक्त कोणी विसरलं नव्हतं. पाटील काळजीत पडला. तो गवंडिणीकडे पाहायचा आणि मान खाली घालायचा.

कासारणीने पायांतल्या वहाणा काढून लांब ठेवल्या. भिंतीच्या पायथ्याशी जाऊन पाय पसरून बसली आणि पाठ भिंतीला टेकली. गवंडीणही तिच्याशेजारी येऊन बसली. ऊन चढलं. भिंत तापली. दुपार झाली, मागच्या वर्षी आवाज झाला होता ती वेळ आली आणि सगळी जत्रा श्वास रोखून उभी राहिली. कासारणीने डोळे मिटून घेतले होते आणि गवंडिणीचा खरबरीत हात घट्ट धरला होता. ती वेळ गेली. ऊन उतरलं. संध्याकाळी पाटलाने स्वतः गुडघे टेकून, तळहाताने भिंतीखालची सगळी माती चाचपली. हाताला फक्त माती लागली.

"वाट मोकळी आहे," तो मोठ्याने म्हणाला.

त्यानंतर भिंतीचं नाव झालं. संध्याकाळच्या उन्हात ती लांबून चकाकायची आणि परक्या वाटसरूला उतार कुठे आहे ते पलीकडच्या काठावरूनच कळायचं. होता होता ही वार्ता राजधानीत गेली आणि एके दिवशी राजाचा मोठा चित्रकार पालखीतून आला. अंगावर शेला, बोटांत अंगठ्या, मागे चार सेवक. भिंत पाहून तो कितीतरी वेळ जागचा हलला नाही. तो खरा जाणकार होता, त्याचे डोळे भरून आले.

"बाई, ही विद्या मला हवी," तो कासारणीला म्हणाला. "राजवाड्याची भिंत अशी करायची आहे. मला आठ दिवसांत शिकव."

"शिकवते की," कासारीण म्हणाली. "पण सुरुवात हिच्याकडे करावी लागेल. ही माझी गुरू." तिने गवंडिणीकडे बोट दाखवलं. गवंडीण जवळच्याच खड्ड्यात उभी राहून चुना कालवत होती. "उद्या सूर्य उगवायला या. करडईचं तेल आणा. चाळीस दिवस काचेला हात नाही."

चित्रकाराने खड्ड्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे पाहिलं. "राजाचा चित्रकार मी. या वयात चिखलात उभा राहून एका गवंडिणीची बोलणी खाऊ?"

"वय किती तुमचं?"

"पंचेचाळीस."

कासारीण मनापासून हसली. त्या हसण्यात टोचणी नव्हती. "मग घाई नाही हो. मी बासष्टाव्या वर्षी खड्ड्यात उतरले. तुमच्या हाताशी अजून सतरा वर्षं आहेत."

चित्रकार पालखीत बसला. सेवकांनी पालखी उचलली, उतार ओलांडला आणि ती पलीकडे दिसेनाशी झाली. तो परत आला नाही. राजवाड्याची भिंत कोरीच राहिली, आणि त्या म्हातारीच्या हातून मात्र पुढल्या दहा वर्षांत तीन गावांच्या विहिरी, दोन देवळं आणि एक चावडी रंगीत काचांनी उजळून निघाली. शेवटपर्यंत ती चुना स्वतःच मळायची.

तात्पर्य : नव्या विद्येचं दार कोणत्याही वयात उघडतं, फक्त जुना मान उंबऱ्याबाहेर ठेवून आत जावं लागतं.